आधी उतरून पाहा

गेल्या वर्षी, वयाच्या ६८व्या वर्षी, मी माझी पहिली सुपरकार घेतली. ती वापरलेली आहे. माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले आहेत आणि तिला सुपरकार म्हणावे की नाही याविषयी जाणकारांत मतभेद होऊ शकतात. औषधांच्या वेळा, पथ्ये आणि शुश्रूषा यांविषयी लिहिणाऱ्या या पाक्षिकात असल्या विलासी खरेदीची कथा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. परंतु वाचकहो, या खरेदीत इंजिनाइतकाच विचार मला गुडघ्यांचा, कंबरेचा, डोळ्यांचा आणि माझ्या पत्नीच्या पार्किन्सन्सचा करावा लागला. तो विचार आपल्यापैकी अनेकांना एखादी साधी मोटार निवडतानाही करावा लागत असेल, म्हणून हे लिहीत आहे.

या हौसेचे मूळ मुंबईतल्या माझ्या विद्यार्थिदशेत आहे. फाउंटनच्या पदपथावर त्या काळी जुन्या परदेशी मासिकांचे ढीग लागत. खिशात पैसे नसले तरी उभ्या उभ्या पाने चाळू देणारे विक्रेते होते. तिथे मी लॅम्बोर्गिनी मिउराचे चित्र प्रथम पाहिले. १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी. बारा सिलिंडरांचे इंजिन बॉनेटखाली न ठेवता चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले. फोर्डची जीटी-४० ही शर्यतीची गाडी तर जमिनीपासून जेमतेम ४० इंच उंच, आणि तिच्या नावातले ४० ते हेच. माझ्यासारख्या यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती चित्रे म्हणजे देवघरातल्या तसबिरी होत्या. पुढे नोकरी चिंचवडच्या कारखान्यात लागली. स्कूटर, मग पद्मिनी, मग मारुती ८०० असा संसाराचा क्रम चालला. ४० इंच ही उंची आपल्या कंबरेएवढी आहे आणि त्या उंचीच्या गाडीत एक दिवस शिरावेही लागेल, हा विचार त्या वयात कोण करतो?

पत्नीला पार्किन्सन्सचे निदान होऊन आता सात वर्षे झाली. ती शाळेत गणित शिकवीत असे. आजही पायऱ्या मोजल्याशिवाय ती जिना उतरत नाही. तिची मुख्य शुश्रूषा मी करतो. दुपारी चार तास एक मदतनीस बाई येतात. कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा विकला गेला आणि हाती अनपेक्षित रक्कम आली, तेव्हा मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “अहो, ती गाडी आता नाही तर कधी घेणार? मात्र मला घरी ठेवून एकटेच फिरणार असाल तर घेऊ नका.”

या दोन वाक्यांत खरेदीची परवानगी होती आणि तिची अटही होती. अट किती कठीण आहे हे मला पुढे कळले.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. पत्नीची औषधे, पुढे लागू शकणारी पूर्णवेळ मदत आणि रुग्णालयाचा अचानक खर्च यांसाठीची रक्कम आम्ही आधी वेगळी काढली आणि मुलीच्या नावासह संयुक्त ठेवीत टाकली. उरले ६० लाख. या रकमेला ‘मर्यादित’ म्हणताना मला संकोच वाटतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घराची किंमतही एवढी नसेल. पण ज्या गाड्या नव्या घ्यायच्या तर कोटींत मोजाव्या लागतात, त्यांच्या बाजारात ६० लाखांचा मनुष्य दाराशीच उभा असतो. त्यातलेही दहा लाख मी दुरुस्तीसाठी राखून ठेवले. जुन्या सुपरकारची विक्रीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा वर्षांपूर्वी दोन कोटींना विकल्या गेलेल्या गाडीचे ब्रेक आजही दोन कोटींच्या गाडीचेच असतात. सगळी पुंजी खरेदीतच घालणाऱ्याची गाडी पहिल्या मोठ्या बिघाडानंतर आच्छादनाखाली जाते आणि तिथेच राहते.

मुलगी नागपूरला असते. तिला फोनवर बेत सांगितला तेव्हा ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने एवढेच विचारले, “बाबा, आईला त्यातून उचलून बाहेर काढायला तिथे कोण असणार आहे?”

मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर मला एका विक्रेत्याच्या दालनात मिळाले.

मुंबईत वापरलेल्या महागड्या गाड्या विकणाऱ्या एका ठिकाणी पिवळी गॅलार्डो उभी होती. लॅम्बोर्गिनीची ही गाडी २००३ साली आली. दहा सिलिंडर, पाच लिटरचे इंजिन, तेही आसनांच्या मागे. तिची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, परंतु नुसते पाहायला काय हरकत, अशा मनाच्या कपटाने मी आत गेलो आणि पत्नीलाही घेऊन गेलो. गाडीची उंची ११६५ मिलिमीटर, म्हणजे चार फुटांहूनही कमी. मी आत बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा कोसळलो. पाटावर जेवायला बसावे तसे गुडघे वर आले आणि इंजिन सुरू झाले तेव्हा पदपथावरचा तो विद्यार्थी क्षणभर परत आला.

मग पत्नीला बसायचे होते. विक्रेत्याने अदबीने दार उघडले. ती आत गेली, तिने चक्राकडे, काचेकडे कौतुकाने पाहिले, आणि मग उतरण्याची वेळ आली. पाय जमिनीवर आले पण देह उठेना. मी तिचे दोन्ही हात धरून तिला ओढले. आज सांगायला लाज वाटते, सात वर्षांच्या अनुभवानंतरही मी हातच ओढले. ती एकदम उभी राहिली, चेहरा पांढराफटक पडला आणि ती माझ्या अंगावर कलंडली. पार्किन्सन्समध्ये, आणि त्यावरच्या औषधांमुळेही, बसल्याचे उभे राहताना रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. हे मला डॉक्टरांनी अनेकदा सांगितलेले होते. आसन जितके खोल, तितका उठण्याचा प्रवास लांब, हा हिशेब मात्र माझा मलाच तेव्हा प्रथम लागला. पाणी आले, खुर्ची आली, पाच मिनिटांत ती सावरली. परतीच्या वाटेत लोणावळ्यापर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही. नंतर ती म्हणाली, “गाडी सुंदर होती. आपली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मी हा सगळा प्रकार तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितला. त्या ओरडतील असे वाटले होते. त्यांनी आमच्या घरातला पाट, चौरंग आणि गच्चीवरचा बुटका मोढा आणायला सांगितला. तीन वस्तू भिंतीशी ओळीने मांडल्या आणि आम्हा दोघांनाही आळीपाळीने त्यांवर बसवून उठवले. मी खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा सहज उठतो याचा मला अभिमान होता. चौरंगावरून तिसऱ्या वेळेस मी भिंत धरली. पत्नी मोढ्यावरून उठली, चौरंगावरून आधार घेऊन उठली, पाटावरून उठलीच नाही. बाई म्हणाल्या, “काका, आता टेप घेऊन जा. ज्या गाडीचं आसन या मोढ्याच्या खाली असेल, तिचं इंजिनसुद्धा बघू नका.”

त्या दिवसापासून आमचे निकष बदलले. लोक वापरलेल्या गाडीत किती किलोमीटर झाले ते आधी पाहतात. मी आधी दार पूर्ण उघडून ते किती उघडते ते पाही, मग दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे ते मोजी, मग आसनाची उंची, आणि शेवटी आमचा घडीचा वॉकर कुठे राहील ते. मी बॉनेट उघडायला सांगण्याआधी गाडीच्या बाजूला उकिडवा बसून टेप लावतो आहे, हे पाहून एकदोन विक्रेत्यांनी एकमेकांकडे पाहिल्याचे मला आठवते.

ऑडीची आर-८ मी दोनदा पाहिली. आठ सिलिंडरांची ४.२ लिटरची ही गाडी २००६ साली जगासमोर आली तेव्हा रोज वापरता येण्याजोगी सुपरकार म्हणून तिची ख्याती झाली आणि ती खोटी नाही. ती गॅलार्डोहून सुमारे साडेआठ सेंटिमीटर उंच आहे, बाहेरचे दिसतेही चांगले. पण सुरुवातीच्या काही वर्षांतल्या तिच्या स्वयंचलित गिअरला एकच क्लच आहे. यंत्र तो क्लच सोडते आणि धरते, आणि दर गिअरला प्रवाशाची मान पुढे जाऊन मागे येते. शर्यतीच्या चालीत हे जाणवत नाही, बाणेरच्या रहदारीत दर वीस मीटरला जाणवते. ज्या माणसाची मान आणि खांदे आधीच ताठ असतात, त्याला हा झुला सोसत नाही. पुढच्या वर्षांत या गाडीला दोन क्लचचा गुळगुळीत गिअर मिळाला, परंतु त्या गाड्या माझ्या ६० लाखांत बसत नव्हत्या. आणि वॉकर? इंजिन मधोमध असले की मागे जागा नाही. पुढे डिकीत एक बॅग मावते. वॉकर मांडीवर घेऊन सुपरकारमध्ये बसलेली गणिताची शिक्षिका हे चित्र आम्हा दोघांनाही फार हसवून गेले, पण प्रश्न तसाच राहिला.

उत्तर शेवटी पोर्शच्या ९११ने दिले. शुद्धतावादी मंडळी तिला सुपरकार म्हणणार नाहीत. तिचे इंजिन मध्यभागी नाही, मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले आहे. १९६३ साली ती ९०१ या नावाने प्रथम दाखवण्यात आली. मध्ये शून्य असलेले तीन अंकी आकडे आमचे, अशी पुजो कंपनीने हरकत घेतल्यावर ती ९११ झाली. तिची उंची १३१० मिलिमीटर. दार लांब आहे आणि रुंद उघडते. आसन सरळ पाठीचे, खिडकीच्या काचा मोठ्या. मोढ्याच्या परीक्षेत ती अगदी काठावर उत्तीर्ण झाली. आणि तिच्या मागे दोन चिमुकली आसने आहेत. त्यांवर मोठा मनुष्य बसू शकत नाही, पण त्यांच्या पाठी खाली दुमडल्या की सपाट फळी तयार होते. आमचा ॲल्युमिनियमचा वॉकर त्या फळीवर असा बसला की जणू जर्मन अभियंत्यांनी तो मोजूनच जागा ठेवली होती. माझा निर्णय त्या क्षणी झाला. तो इंजिनाच्या आवाजाने झाला असे मी मित्रांना सांगतो.

आता यंत्राविषयी चार शब्द लिहिले नाहीत तर माझ्यातला निवृत्त अभियंता मला क्षमा करणार नाही. १९९७पासून २००८पर्यंतच्या बहुतेक साध्या ९११ गाड्यांच्या इंजिनात एक मधला दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक छोटे बेअरिंग. ते निकामी झाले तर झडपांचा ताल बिघडतो, धातूचा चुरा तेलात फिरतो आणि संपूर्ण इंजिन वाया जाते. प्रत्येक गाडीत हे घडतेच असे नाही, परंतु घडले तर माझे राखीव दहा लाख पुरले नसते. २००९च्या मॉडेलपासून कंपनीने नवे इंजिन आणले, त्यात तो दांडाच नाही. त्याच वेळी दोन क्लचचा सात गतींचा स्वयंचलित गिअरही आला. तेव्हा मी २००९च्या आधीची एकही गाडी पाहिली नाही आणि पायाने क्लच दाबायची तर मुळीच नाही. माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी झिजली आहे. हाताने गिअर टाकण्यातच खरी मजा, असे तरुण मंडळी सांगतात ते खरेही असेल.

अशा दोन गाड्या पुढ्यात आल्या. एक ११,००० किलोमीटर चाललेली, आरशासारखी चकचकीत. दुसरी ३८,००० किलोमीटर चाललेली, चालकाच्या आसनाची कड थोडी विटलेली. पहिली एका संग्राहकाने वर्षानुवर्षे उभी करून ठेवली होती. दुसरीच्या नोंदवहीत दरवर्षीच्या सर्व्हिसचा शिक्का आणि दर दोन वर्षांनी ब्रेकचे तेल बदलल्याची नोंद होती. मी दुसरी निवडली. उभ्या गाडीची रबरी सीले सुकतात, टायर कडक होतात, बॅटरी मरते, टाकीत पेट्रोल शिळे होते. आमच्या बाई पत्नीला रोज अर्धा तास चालायला का लावतात ते मला या गाड्यांनी पुन्हा एकदा दाखवून दिले.

पैसे देण्यापूर्वी एका स्वतंत्र कार्यशाळेत तिची तपासणी करून घेतली. तिच्या संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची नोंद राहते, ती काढली. स्पार्क प्लगच्या छिद्रातून बारीक दुर्बीण घालून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते पाहिले. पोटाची एन्डोस्कोपी करून घेतलेल्या वाचकांना हे दृश्य ओळखीचे वाटले असते, गाडीला फक्त उपाशी राहावे लागत नाही. रंगाची जाडी मोजली, डावा दरवाजा कधीतरी पुन्हा रंगवलेला निघाला, पण आतला सांगाडा सरळ होता. टायर दिसायला नवेकोरे होते. त्यांच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचला, पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, तेव्हा कळले की ते २०१४चे आहेत. दहा वर्षांच्या रबरावर मी पत्नीला बसवणार नव्हतो. चारही टायरांची किंमत सौद्यातून वजा करून घेतली. दलाल मला म्हणाला, “साहेब, इतकी तपासणी तर लोक मुलगी देतानाही करत नाहीत.” मी त्याला सांगितले की मुलगी देताना मी यापेक्षा जास्त केली होती.

कागदपत्रांबाबत एकच सांगतो. परराज्यातल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्रात कायम ठेवायच्या तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इथला रस्ताकर आणि नव्याने नोंदणी, या सगळ्याचा हिशेब केला की स्वस्ताई उरत नाही. मी एमएच नोंदणीचीच गाडी शोधली. कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर झाली आहे ना, तेही पाहा. विम्यात इंजिनात पाणी शिरण्याचे जादा संरक्षण घ्या, कारण इतक्या बुटक्या गाडीला पुण्यातला एक पावसाळी भुयारी मार्ग पुरेसा असतो.

माझी तपासणी राहिली होती. आपल्याला ठाऊक असेल, वयाच्या ५५नंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी किती सहज मिळते, हेही आपल्याला ठाऊक असेल. मी ते सहज घ्यायचे नाही असे ठरवले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. दिवसा मला उत्तम दिसते, रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. डॉक्टरांनी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली, हाडांची घनता तपासायला लावली, कारण कडक स्प्रिंगांच्या गाडीत प्रत्येक गतिरोधक मणक्यापर्यंत पोचतो. रस्त्यांच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अगदी सौम्य चढाचा असायला हवा. आमच्या सोसायटीबाहेरचा बहुधा एखाद्या मिस्त्रीने रागाच्या भरात घातलेला आहे. त्यावरून मी गाडी तिरपी, एकेक चाक करून नेतो. रात्री चालवायचे नाही आणि पावसात चालवायचे नाही, ही दोन बंधने मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, त्यांच्या मौनावरून स्वीकारली.

पत्नीला बसवण्या-उतरवण्याची जी रीत आम्हाला बाईंनी शिकवली ती लिहितो. आपल्या घरच्या रुग्णासाठी आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच तिचा अवलंब करावा. गाडी पदपथाला लावून उभी करायची नाही. पदपथावर पाय ठेवले की आसन आणखी खोल जाते आणि लांब दार काठावर घासते. सपाट रस्त्यावर, थोडी दूर उभी करायची. आसन पूर्ण मागे सरकवायचे, पाठ किंचित कलती करायची. तिने गाडीकडे पाठ करून, पायांना आसनाची कड लागेपर्यंत मागे यायचे, आधी बैठक टेकवायची, मी तिच्या डोक्यावर हात धरायचा, मग दोन्ही पाय एकत्र आत. आसनावर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पसरली की वळणे सोपे जाते, मात्र ती नंतर काढलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक लागताच माणूस घसरतो. दाराला धरून उठायचे नाही, कारण दार हलते. उतरताना पाय बाहेर काढून ती मिनिटभर तशीच बसते. मग पुढे झुकून उठते, मी हात ओढत नाही, पाठीमागून कंबरेच्या पट्ट्याला आधार देतो. उठल्यावर पुन्हा मिनिटभर थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर मी माझी काठी तिच्या पायांपुढे आडवी धरतो. ती मनात आकडे मोजते आणि काठी ओलांडते. या साऱ्याला सहा-सात मिनिटे लागतात. मागे कोणी हॉर्न वाजवतो, मग गाडी पाहून थांबतो आणि फोटो काढू लागतो. तो उपद्रव वेगळा.

आम्ही पहाटे निघतो. तिची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासाने तिचे अंग मोकळे होते, तो काळ आमचा. सातारा रस्त्याने खेड शिवापूरच्या पुढे जायचे, कुठेतरी चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत परत. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर मोटारींना १००ची मर्यादा आहे आणि या गाडीला ती दुसऱ्या गिअरमध्येच गाठता येते, त्यामुळे वेगाविषयी मी आपल्याला काही सांगू शकणार नाही. मला आवडतो तो क्षण वेगळा आहे. इंजिन पाठीमागे असल्यामुळे पुढे शांत असते, आणि तिच्या उजव्या हाताचा कंप, जो घरी चहाच्या कपात सतत दिसतो, तो गाडीच्या थरथरीत मिसळून जातो. तो थांबत नाही. दिसत मात्र नाही. तिने स्वतःच एकदा हात काचेसमोर धरून मला हे दाखवले.

गाडी घेतली त्या आठवड्यात आम्ही एक कागद केला. मुलीच्या आग्रहावरून केला, पण मजकूर पत्नीने सांगितला. ज्या दिवशी आमच्या दोघांपैकी एकाला त्या मोढ्यावरून बिनाआधार किंवा एका हाताच्या आधाराने उठता येणार नाही, त्या दिवसापासून महिन्याच्या आत गाडी विकायची. पुढच्या नेत्रतपासणीत डॉक्टर नको म्हणाले तरी विकायची. कागदावर तिघांच्या सह्या आहेत, सर्व्हिसची नोंदवही आणि दोन्ही किल्ल्या त्याच फाइलीत आहेत आणि फाइल कुठे आहे ते मुलीला माहीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोढा दिवाणखान्यात येतो. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२६मध्ये संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी ती तंदुरुस्त आहे का हे आरटीओ पाहील, पर्यावरण कर भरावा लागेल.

गेल्या रविवारी पत्नी दोन प्रयत्नांनंतर उठली. मी एका प्रयत्नात उठलो, पण माझा हात मोढ्याच्या कडेला गेला होता आणि तिने तो पाहिला. आम्ही दोघांनीही कागदावर ‘उत्तीर्ण’ असे लिहिले. तिने माझ्या नावापुढे शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात एक छोटे प्रश्नचिन्ह काढले आणि पेन मला परत दिले.

मग म्हणाली, “उद्या गोळी साडेपाचला घेते. सव्वासहाला निघू या.”